पणजीत घरचे, दादरला पाहुणे

मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र व्हावा म्हणून माणसांनी गोळ्या झेलल्या आणि १ मे १९६० ला तो झाला. गोव्याने १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात यायला नकार दिला. दोन्ही प्रश्न मिटले असं आपण धरून चाललो होतो. मग नव्वदच्या दशकात मोबाइलचे परवाने वाटायला दूरसंचार खातं नकाशा घेऊन बसलं आणि देशाचे ‘सर्कल’ नावाचे तुकडे पाडले. मुंबई निघाली वेगळं सर्कल, आणि उरलेल्या ‘महाराष्ट्र’ सर्कलमध्ये गोवा! आचार्य अत्र्यांनी हा नकाशा पाहायला हवा होता.

त्यामुळे पुण्याचं सिम पणजीत घरचं आणि दादरला रोमिंगवर. आज विशीत असलेल्यांना खरं वाटणार नाही, पण रोमिंगमध्ये फोन नुसता उचलला तरी पैसे कापले जायचे. २००७ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने इनकमिंगला मिनिटाला पावणेदोन रुपयांची कमाल मर्यादा घातली, तेव्हा ती सवलत वाटली होती. यावरून पूर्वीची कल्पना करा. मुंबईला आलेल्या जावयाला सासूबाईंचा फोन आला, की खुशालीच्या दुसऱ्या वाक्याला त्याच्या कपाळावर आठी. ती सासूसाठी नसायची.

गंमत पुढेच आहे. पुण्याचे दोन मित्र दादरला चुकले, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. मधे एक पूल. एकाने दुसऱ्याला फोन लावला की तो कॉल आधी त्या नंबरच्या घरी, म्हणजे महाराष्ट्र सर्कलच्या एक्स्चेंजला जायचा. तिथे ‘साहेब सध्या मुंबईत आहेत’ असं कळलं की वळून पुन्हा मुंबईला. लावणाऱ्याला पैसे, उचलणाऱ्यालाही पैसे. पुलावरून हाक फुकट होती. मिस्ड कॉल हे आपलं राष्ट्रीय संपर्कमाध्यम उगाच झालं नाही.

सीमाभागात तर टॉवरच निवाडा करायचे. कागलकडून निपाणीकडे निघालं की कर्नाटकचा स्वागत-मेसेज. सीमेलगतच्या गावात माणूस महाराष्ट्रातल्या आपल्या ओसरीवरून हलला नाही, तरी फोन पलीकडचा जोरदार टॉवर पकडून मोकळा. सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या सीमावादाचा निकाल फोनने लावायचा, आणि दावा खर्चासह आपल्याच अंगावर.

२०१३ मध्ये इनकमिंगची मर्यादा ७५ पैसे झाली, २०१५ मध्ये ४५ पैसे. त्याच वर्षी जूनमध्ये बीएसएनएलने रोमिंगमधलं इनकमिंग फुकट केलं. २०१६ मध्ये जिओ देशभर रोमिंग फुकट म्हणत उतरलं, आणि वर्षानुवर्षं ‘परवडत नाही’ म्हणणाऱ्या बाकीच्यांनाही ते अचानक परवडू लागलं.

दर गेले, नकाशा मात्र गेला नाही. २०२२ साली फाइव्ह-जीचा लिलाव झाला तोही २२ सर्कलांचा. मुंबई वेगळी, गोवा महाराष्ट्रात.