गाडीची सीट बसण्यासाठी असते

मोटरसायकलच्या सीटबद्दल माझी तक्रार शोरूमपासूनच सुरू होते. तिथे आपण गाडीवर दोन मिनिटं बसतो, अंगठ्याने सीट दाबून बघतो आणि मऊ लागली की खूश होतो. कंपन्या त्या दोन मिनिटांसाठीच सीट बनवतात. पुण्याहून साताऱ्याला निघा. शिरवळ येईपर्यंत तोच मऊ फोम दबून तळाला टेकतो आणि पुढचा खंबाटकी घाट आपण बुडाच्या दोन हाडांवर चढतो. वजन मांड्यांवर, कुल्ल्यांवर पसरायला हवं. ते सगळं त्या हाडांखाली गोळा होतं. त्यात सीटला टाकीकडे उतार. दर ब्रेकला माणूस पुढे घसरतो, हातांनी स्वतःला मागे रेटतो आणि मनगटंही धरतात.

सीटवाल्याकडे जावं, तर तो पुरतं ऐकूनही न घेता म्हणतो, "साहेब, वरून इंचभर गादी टाकून देतो." मऊपणाच्या दुखण्यावर आणखी मऊपणा! फोमच्या दुकानात सांगतात, "चाळीस डेन्सिटी घ्या, कडक येतो." डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. कडकपणा ही वेगळी गोष्ट, एकाच डेन्सिटीचे दोन फोम हाताला वेगळे लागतात. विकणाऱ्याला एवढं माहीत असायला हवं.

म्हणून हे काम घरी करावं लागतं. सीट उलटी केली की प्लास्टिकच्या तळाला कडेने स्टेपल पिनांची रांग दिसते. स्क्रू ड्रायव्हरचं चपटं टोक खाली सारून एकेक उचकटायची, पकडीने ओढायची. दोन पावसाळे खाल्लेली पिन मधेच तुटते, अर्धी आत राहते आणि रेग्झिन नेमकं तिथे फाटतं. गंज न धरणाऱ्या पिना मारल्या असत्या तर गाडीच्या किमतीत असा काय फरक पडला असता?

हाडं टेकतात तिथला फोम हॅकसॉच्या ब्लेडने कापून काढायचा. त्या जागी रिबॉन्डेड, म्हणजे चुरा दाबून केलेला घट्ट फोम बसवायचा. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोडायचं. टाकीकडच्या बाजूला पाचरीसारखा तुकडा दिला की उतार मोडतो. वर पातळ मऊ थर. रेग्झिनच्या शिवणीतून पाणी झिरपतं आणि भिजलेला फोम लवकर वाळत नाही, म्हणून मधे प्लास्टिकचा कागद हवाच. रेग्झिन उन्हात तापवून आधी पुढून-मागून ताणायचं, मग बाजूंनी. पिन तळाच्या जाडीपेक्षा लांब नको.

मागे बसणाऱ्याचं दुखणं तर कोणी विचारातच घेत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२३ ने त्याला धरायला मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून आडोसा मिळवून दिला. बसायची जागा मात्र कित्येक नव्या गाड्यांवर उंच, अरुंद आणि पुढे कललेली असते. साडी नेसून एका अंगाला बसणाऱ्या बाईने तिथे तोल कसा सांभाळायचा?

माहितीपत्रकात सीटची उंची मिलिमीटरमध्ये छापतात. तशीच रुंदी छापा, फोमचा कडकपणा छापा. आणि टेस्ट राइड चौकापर्यंतची नको, तासाभराची द्या, मागे माणूस बसवून.