रडण्याचं खातं

आमच्या घरात सिनेमा बघून रडण्याचं खातं नवऱ्याकडे आहे. माणूस बँकेत कर्जवसुलीला. दिवसभर लोकांच्या अडचणी शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी हप्ता मागतो. तोच संध्याकाळी टीव्हीवर ‘आनंद’ लागला की पडद्यावर नुसती नावं येत असतानाच नाक ओढायला लागतो.

“अरे, अजून राजेश खन्ना आलासुद्धा नाही.”

“येणार आहे ना पण,” तो म्हणतो.

त्याचंही अगदीच चूक नाही. हृषीकेश मुखर्जींनी १९७१ सालच्या त्या सिनेमात शेवट दडवून ठेवलेलाच नाही. सुरुवातीलाच डॉक्टर भास्करच्या पुस्तकाला पारितोषिक मिळतं, पुस्तक आनंदवर असतं आणि आनंदचं पुढे काय होणार याबद्दल कुणाच्या मनात शंका उरत नाही. त्यामुळे तो जितके विनोद करेल तितका आमच्याकडे एकेक रुमाल धुण्यात पडतो. शेवटी माणूस गेलेला असतो आणि टेपरेकॉर्डरवर त्याचा आवाज मात्र मजेत बोलत असतो. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितलेत: स्तंभ, घाम, रोमांच, घोगरा आवाज, कंप, चेहरा उतरणं, अश्रू आणि प्रलय. त्या टेपपाशी नवरा यातले सात ओळीनं करून दाखवतो. प्रलय म्हणजे शुद्ध हरपणं. ते एकदाच होता होता राहिलं, मल्टिप्लेक्समध्ये मध्यंतरात सामोशाचं बिल हातात आलं तेव्हा.

माझी तऱ्हा उलटी. १९९१ साली विजय कोंडक्यांचा ‘माहेरची साडी’ आला, तेव्हा आमच्या आळीतल्या बायका टेम्पो करून गेल्या होत्या. मी शाळकरी, आत्याच्या पदराला धरून. आत्यानं पिशवीत चकल्या घेतल्या होत्या आणि रुमाल म्हणून सरळ पंचा. अलका कुबल रडायला लागल्या की थिएटरभर बांगड्या वाजायच्या, कारण सगळे हात एकाच वेळी डोळ्यांकडे जायचे. खाष्ट सासू झालेल्या उषा नाडकर्णी पडद्यावर आल्या की आत्या जे शब्द वापरायची, ते घरी मी वापरले असते तर जेवण मिळालं नसतं. आणि मी? मी चकली खात होते. आत्यानं अंधारातच माझा गाल चाचपून पाहिला. “टिपूस नाही गं तुझ्या डोळ्याला! सासरी कसं व्हायचं तुझं!”

सासरी बरं चाललंय. पण तेव्हापासून मी विचार करतेय की त्या दिवशी मला झालं काय होतं. माझं म्हणणं असं की, अलका कुबल इतकं मन लावून रडत होत्या की माझ्या वाट्याला कामच उरलं नव्हतं. पडद्यावरचं माणूस रडू आवरत असलं, उगाच चादरीच्या घड्या घालत असलं, जेवलास का विचारत असलं, की ते तुंबलेलं पाणी कुठून तरी वाट काढणारच; ते माझ्या डोळ्यांतून येतं. नवऱ्याला हा सिद्धांत मान्य नाही. त्याच्या मते रडायला कारण लागत नाही, वेळ लागतो.

विज्ञान दुर्दैवानं त्याच्या बाजूचं निघालं. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना प्रयोगशाळेत माणसाला हुकमी रडवायचं, हसवायचं, घाबरवायचं होतं. त्यासाठी त्यांनी अडीचशेवर सिनेमे चाळले, निवडक तुकडे ४९४ जणांना दाखवले आणि १९९५ साली निकाल छापला. दुःखासाठी जे तुकडे निवडले, त्यात ‘बँबी’तल्या हरणाच्या आईचं मरण आहे आणि ‘द चँप’ या १९७९ सालच्या सिनेमाचा शेवट आहे. मुष्टियुद्ध करणारा बाप झुंजीनंतर टेबलावर मरतो आणि त्याचं छोटं पोरगं त्याला उठवायला बघतं. जेमतेम तीन मिनिटांचा तुकडा. पोरगं धाय मोकलून रडतं, काही म्हणजे काही आवरत नाही. अमेरिकी इंग्रजी आम्हा दोघांनाही निम्मं कळतं, ही माणसं कोण याचा पत्ता नव्हता, तरी नवरा संपला. मीही नंतर बराच वेळ कपाट आवरत बसले. माझ्या सिद्धांताला हे बाधक असल्यामुळे तो विषय मी घरात काढत नाही.

पण माझ्या बाजूनंही साक्षीदार आहेत. नागराज मंजुळे, उदाहरणार्थ. ‘फँड्री’त जब्या आणि त्याच्या घरचे डुकरामागे धावतायत, डुक्कर आता हाती लागणार, एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी ताठ. डुकराला नागरिकशास्त्र नसतं, ते निघून जातं. सिनेमाआधी राष्ट्रगीताला उभं राहायची सवय असलेल्या आमच्या थिएटरात काहीजण पुन्हा उठले, काही अर्धवट उठून मांडीवरचे पॉपकॉर्न सावरत राहिले. आधी फसकन हसू आलं. मग किशोर कदमचा तो घामेजलेला, हताश बाप तसाच ताठ उभा दिसत राहिला आणि हसू घशातच अडकलं. हसण्यासाठी तोंड उघडलेलं असताना रडू आलं की फार पंचाईत होते. ठसका लागल्याचं नाटक करावं लागतं, आणि मागच्या रांगेतल्या बाई पाठीत धपाटे घालतात.

‘सैराट’च्या वेळी (२०१६) तर ‘झिंगाट’ला शिट्ट्या, नाच सगळं करून थिएटर दमलेलं होतं. शेवटी अर्चीच्या दारात माहेरची माणसं येतात, आईनं पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन. पुन्हा माहेरचा आहेरच, पण यंदा माझ्या पिशवीत चकली नव्हती. अर्ची त्यांना चहा करते. बस, मी त्या चहाला गेले. पुढे काय होणार ते कळलं नव्हतं. पण इतक्या दिवसांनी घरचं माणूस दारात आलंय म्हणून पोरगी चहाचं आधण ठेवतेय, एवढं मला पुरलं. मग ते बाळ, ती लाल पावलं आणि आवाज पूर्ण बंद. एकपडदा थिएटरात वाढलेला माझा नवरा सवयीनं मागे वळून ‘आवाज!’ असं ओरडायच्या बेतात होता. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्याला रडायला सारंगी नाहीतर व्हायोलिन लागतं. साथीशिवाय कुठून सुरू करावं हेच कळेना बिचाऱ्याला. घरी येईपर्यंत काही नाही. रात्री दोनला सुरू झाला.

मी साथीविना रडते, पण एकटीनं. आणि माझा सिनेमा म्हणजे संदीप सावंतांचा ‘श्वास’. २००४ साली आला. ‘श्यामची आई’नंतर पन्नासेक वर्षांनी मराठी सिनेमाला सुवर्णकमळ त्याच्यामुळे मिळालं. कोकणातल्या आजोबांना डॉक्टर सांगतात, नातवाचा जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागतील. अरुण नलावडेंचा तो आजोबा ना हंबरडा फोडत, ना देवाला जाब विचारत. पोराला हे सांगायचं कसं, एवढाच त्याला प्रश्न. आणि शस्त्रक्रिया लांबते तेव्हा तो परशाला घेऊन रुग्णालयातून चक्क पसार होतो. इकडे गोंधळ, शोधाशोध. तिकडे आजोबा नातवाला जग दाखवतोय. अश्विन चितळेचा परशा खूश. त्या खुशीकडे बघणारा आजोबा दिसला की माझं धरण फुटतं. म्हणजे फुटलं असतं, जर शेजारी नवरा नसता.

कारण त्याला सवय आहे आधीच सांगायची. “आता बघ हं. आता येईल. आता परशा हसेल.” एवढ्या घोषणेनंतर कोण रडेल? म्हणून परवा रविवारी ‘श्वास’ लावला आणि त्या प्रसंगाच्या आधीच त्याला चहा करायला पिटाळलं. छान एकांत मिळाला. डोळे भरत आले, आणि स्वयंपाकघरातून नाक ओढल्याचा आवाज. आवाज ऐकूनच त्याला कळलं होतं, सिनेमा कुठे आलाय ते. मी आत गेले तर हा हातात गाळणं धरून हमसून रडतोय आणि दूध ओट्यावरून फरशीवर.

मी सिनेमा थांबवला. ओटा पुसला, शेगडी पुसली, फरशी पुसली. मग त्याला खालच्या डेअरीत पाठवलं, पाऊण लिटर आण म्हणून, आणि दाराला आतून कडी घालून पुन्हा रिमोट हातात घेतला.