पेन्शनला त्रेपन्न, इतिहासाला सेहेचाळीस

जुन्या संस्थानी गावांत एक माणूस हमखास भेटतो. सांगली, मिरज, फलटण, भोर, कुठंही जा. सातारा जिल्ह्यातल्या औंधातल्या अशा माणसाला आपण तात्या म्हणू. खरं नाव सांगितलं तर चार तात्या भांडायला येतील, आमच्यावर लिहिलंत म्हणून. आणि पाचवा येईल, माझ्यावर का नाही लिहिलंत म्हणून.

तात्या अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सकाळची आंघोळ-पूजा उरकली की ते एसटी स्टँडाजवळच्या हॉटेलातल्या बाकावर येऊन बसतात. बाक रस्त्याकडं तोंड करून आहे, ही सोय त्यांनीच करून घेतली आहे. पाठीवर सॅक आणि डोळ्याला गॉगल असलेला माणूस उतरला की त्याला संग्रहालय बघायचंय की यमाईचं दर्शन घ्यायचंय, हे त्यांना लांबून कळतं.

“पाव्हणं, कुठनं आलासा?”

“पुण्याहून. आम्हीसुद्धा औंधचेच!”

हे वाक्य पुण्याचा माणूस मोठ्या आपुलकीनं टाकतो. तात्यांचा चेहरा पडतो. “ते औंध नव्हे,” ते शांतपणे सांगतात, “राजधानी ही.” मग चहा मागवतात. पैसे पाहुण्यानंच द्यायचे असतात, कारण त्याच्याकडून आगळीक झालेली असते.

राजधानी हा तात्यांचा दुखरा भाग. औंध संस्थानची ७२ गावं सातारा-सांगलीपासून पार विजापुराकडंपर्यंत विखुरलेली होती, आणि त्या सगळ्यांचा कारभार इथून चालायचा. आज औंध तालुक्याचं गावही नाही. तालुका खटाव, कचेरी वडूजला. त्याच कचेरीत तात्यांची हयात गेली. “आटपाडी आमच्या हाताखाली होती. ती तालुका झाली. आणि आम्ही सातबाऱ्यासाठी वडूजला!” कित्येक वर्षं तो सातबारा लोकांच्या हातात स्वतः तात्याच देत होते, ही गोष्ट या तक्रारीत कुठं बसत नाही. ते ती बसवायलाही जात नाहीत.

आता त्यांच्या जन्मतारखेचं. सरकारी दप्तरात ती १ जून १९५३ आहे. त्या काळच्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनलाच येतो, कारण शाळेत नाव घालायला नेलेल्या पोराची तारीख मास्तरच ठरवायचे. म्हणजे तारीख खरी नाही हे उघड आहे. तात्यांनी या उघडपणाचा पुरेपूर फायदा घेतला. औंधचे महाराज भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १३ एप्रिल १९५१ ला वारले. तरीही महाराजांनी आपल्या डोक्यावर हात ठेवून “नमस्कार घालतोस का रे?” असं विचारल्याचं तात्यांना लख्ख आठवतं. एकदा एका अंकगणित येणाऱ्या पाहुण्यानं वजाबाकी करून दाखवली. तात्या म्हणाले, “तारीख मास्तरांची हाय, आठवण माझी.” तेव्हापासून गावात म्हण झाली आहे : तात्या पेन्शनला त्रेपन्नचे, इतिहासाला सेहेचाळीसचे.

अर्थात सेहेचाळीसही पुरत नाही. १९१० साली बेळगावहून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना महाराजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ माळ दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा तिथं निवडुंग किती होता आणि साप किती निघाले, हे तात्या हात वर-खाली करून दाखवतात. महाराज कीर्तनाला उभे राहायचे, ते सांगताना स्वतः उभे राहतात. महाराज चित्रं काढायचे, चित्रकारांना आसरा द्यायचे, पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताला त्यांनी मदत केली. हे सगळं खरं आहे. तात्यांच्या गोष्टींत खोटं काही नसतं, फक्त साक्षीदार खोटा असतो.

पण बघण्यासारखं प्रकरण म्हणजे सूर्यनमस्कार. महाराजांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे केले होते. स्वतः रोज घालायचे, आणि १९३८ साली त्यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक थेट लंडनमध्ये छापलं गेलं. हे सांगून झालं की तात्या पाहुण्याला प्रात्यक्षिक देतात. गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला असल्यानं प्रात्यक्षिक मांडीवर होतं. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट हे पाय. ती दोन बोटं धोतरावर ताठ उभी राहतात, वाकतात, एक बोट मागं जातं, मग दुसरं, मग तळहात मांडीला टेकून साष्टांग. तोंडानं ओम् ऱ्हाम्, ओम् ऱ्हीम्. बारा नमस्कार होईपर्यंत कपातला चहा निवतो, आणि तात्यांना खरोखर धाप लागते. पाहुणे मोबाईलवर त्याचं चित्रण करतात. तात्यांचा स्वतःचा व्यायाम एवढाच.

घरी काकूंना या इतिहासाचं कौतुक बेताचंच. “महाराजांना म्हणावं, सिलिंडर संपलाय,” असा निरोप नातवाबरोबर बाकापर्यंत येतो.

स्वराज्याच्या गोष्टीला मात्र तात्यांचा आवाज बदलतो. मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर, राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि गांधीजींचा सल्ला यातून औंधच्या राजानं आपला अधिकार प्रजेच्या हाती दिला. गावागावांत पंचायती आल्या. जानेवारी १९३९ मध्ये ही घटना अमलात आली. “आम्ही एकोणचाळीसला स्वतंत्र. बाकीच्या देशाला जरा उशीर झाला.” त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत निघाली, तिथं कैद्यांना भिंतीशिवाय ठेवलं. त्यावरूनच पुढं गदिमांनी कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ ला ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. तात्या हा सिनेमा ‘आमचा’ म्हणतात, आणि इथं त्यांना कोणी हटकू नये.

एक गोष्ट मात्र मी टिपून ठेवली आहे. तात्यांचा इतिहास १९४७ ला थांबतो. पंडित सातवळेकर औंधात राहिले, वेदांचे ग्रंथ इथल्या छापखान्यातून देशभर गेले, हे ते रंगवून सांगतात. सातवळेकर पुढं गुजरातेतल्या पारडीला का गेले असं विचारलं की तात्यांना नेमकी दुसऱ्या चहाची आठवण होते. गांधीहत्येनंतर या भागात कोणाची घरं कोणी जाळली, हे त्या बाकावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जाळणाऱ्यांची आणि जळालेल्यांची नातवंडं आज एकाच हॉटेलात भजी खातात, आणि तात्यांना हॉटेलात रोज यायचं असतं. मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, एवढं एक वाक्य बोलून ते उठतात.

गंमत अशी की त्याच १९४८ साली इंग्लंडात लेस्टरच्या कॉलेजात डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग काढला. तिकडं छोट्या छोट्या गावांत इतिहास मंडळं असतात. चर्चच्या सभागृहात बिस्किटं खात, जुनं टपाल कार्यालय डावीकडं होतं की उजवीकडं यावर म्हातारी माणसं भांडतात. म्हणजे तात्या तिथंही आहेत, फक्त स्वेटर घालून. पण ती माणसं बहुतेक स्वतःचं सांगतात : दूधवाला, शाळेतली शेकोटी, आईचा मार.

आणि नेमकं तसलंच काहीतरी औंधच्या डोंगरावर काचेआडच्या राजवैभवात येऊन पडलं आहे. १९३८ साली बांधलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांबरोबर शिल्पकार हेन्री मूरचं दगडातलं आई-मूल आहे. मूर यॉर्कशरमधल्या कॅसलफर्ड नावाच्या कोळशाच्या गावातला, खाणकामगाराचा पोर, जन्म १८९८. आईच्या पाठीला संधिवात, आणि लहानपणी ती पाठ तेल लावून चोळणं हे त्याचं काम होतं. पुढं आयुष्यभर दगडात बायकांच्या पाठी घडवताना हाताला तीच पाठ आठवायची, असं त्यानं सांगून ठेवलंय. तात्या पाहुण्यांना या शिल्पासमोर नेतात आणि म्हणतात, “हे कोट्यवधीचं हाय.” पाठीचं त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मी सांगितलं. ते म्हणाले, “पाठ काय, माझ्या आजीची पण चेपायचो की मी. त्यात काय सांगायचं?”

मग मी आजीबद्दल विचारत राहिलो. आजी पाठीवर उभं राहायला सांगायची. पाय थंडगार असले की शिव्या द्यायची. आश्विनात संगीत उत्सव असला की घरात पाहुण्यांना जागा करायची आणि पोरांना तिकडं पिटाळायची. अंतूबुवा आणि गजाननबुवा जोशी या बापलेकांनी १९४० साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा उत्सव. १९४० च्या पहिल्या बैठकीत कोण काय गायलं हे तात्या सांगतात, अर्थातच ऐकून. पण स्वतः काय ऐकलं? “मी? मी घोंगडीवर झोपायचो. गाणं रात्रभर चाले. पहाटं व्हायोलिनानं जाग आली, तर अंगावर कोणीतरी आपलं उपरणं टाकलेलं. कुणाचं ते कळलंच नाही. सकाळी कोणी मागायला पण आलं नाही.” एवढं बोलून ते घाईनं पुन्हा महाराजांकडं वळले.

बहात्तरच्या दुष्काळात तात्या रोजगार हमीवर खडी फोडत होते. मुकादम कसा हजेरी मारायचा, सुकडी कशात वाटायचे, मिलो ज्वारीच्या लाल भाकरीनं जिभेला काय होतं, हे मला फार खोदून काढावं लागलं. “ते सगळ्यांनीच खाल्लं हो. त्यात इतिहास कसला?” त्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख तेव्हापासून वाकडं उगवतं. नमस्काराच्या प्रात्यक्षिकात तो अंगठा मुठीत दडलेला असतो.

तात्या इतिहासाला कच्चे नाहीत. पाठांतराला त्यांच्याइतका पक्का माणूस मी पाहिलेला नाही. फक्त आपण स्वतः पाहिलेलं ते दप्तरी दाखल करून घेत नाहीत. इतकी वर्षं कचेरीत काढल्यावर अर्ज कुठला स्वीकारायचा याची सवय पक्की होते. अर्ज महाराजांचा असेल तर वर्ग एक, आजीचा असेल तर निकाली.

तेव्हा औंधला जाल तर महाराजांबद्दल संग्रहालयात बघा, तिथं सगळं नीट लावून ठेवलं आहे. तात्यांना मिलोबद्दल विचारा, आजीबद्दल विचारा, त्या उपरण्याबद्दल विचारा, आणि ते महाराजांकडं वळायला लागले की पुन्हा विचारा. वही सोबत न्या. चहाचे पैसे तुम्ही द्या.