पेट्रोल, नाना आणि कोथिंबीर

सॅन होजे, ऑक्टोबर २०२४

ती. बाबा आणि ती. आई यांना शि. सा. न.

फराळाचा डबा पोचला. चकल्या शाबूत, अनारशांचा भुगा. तोही चमच्याने संपत आला आहे. पार्सलच्या पावतीवरचा ‘फ्युएल सरचार्ज’ पाहून बाबांनी काळजीने फोन केला, की तिकडे पेट्रोल परवडतं का आणि नानांचे पेट्रोल वाचवायचे उपाय तुम्ही का करत नाही. त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून कुकर होईपर्यंत लिहिते.

आधी भाव. पंपाच्या पाटीवर गॅलनचा दर असतो आणि आकड्याच्या शेपटीला बारीक नऊ-दशांश सेंट. ४.६९ आणि वर ९/१०, म्हणजे ४.७०च, बाटाच्या चपलांची युक्ती इथे पेट्रोलला. गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, डॉलर ८४ रुपयांचा धरा, की लिटर पडतं १०४ रुपयांना. मुंबईतही तेवढंच आहे. तेव्हा ‘अमेरिकेत पेट्रोल पाण्याच्या भावाने’ हा बाबांचा लाडका मुद्दा निदान कॅलिफोर्नियापुरता बाद. हवा कमी बिघडावी म्हणून या राज्याला वेगळ्या मिश्रणाचं पेट्रोल लागतं. राज्याबाहेरच्या फार थोड्या रिफायनऱ्या ते बनवतात, पूर्वेकडून डोंगर ओलांडून ते आणणारी पाइपलाइन नाही, आणि वर राज्याचा अबकारी कर गॅलनला ५९.६ सेंट. केंद्राचा कर मात्र १९९३ पासून १८.४ सेंटवर जागचा हललेला नाही. हे नानांना सांगू नका, ते दिल्लीला पत्र लिहितील.

दादा म्हणतो, पगारही डॉलरमध्येच आहे ना? अगदी बरोबर. मजुरीच्या मानाने पेट्रोल इथे तुमच्यापेक्षा स्वस्तच पडतं, म्हणून भावाचं रडगाणं मी गाणार नाही. बिल फुगतं ते अंतरामुळे, आणि हे अंतर चक्क नियमाने घालून दिलेलं आहे. राहायची वस्ती एकीकडे, दुकानं दुसरीकडे. घरांच्या गल्लीत वाण्याने दुकान थाटायचं नाही. शेजारच्या बर्कलीने १९१६ मध्ये एका भागात फक्त एकेका कुटुंबाची स्वतंत्र घरं असा नियम केला, आणि पुढे तो देशभर पसरला. सॅन होजेत २०१९ मध्ये राहण्यासाठी राखलेल्या जमिनीपैकी सुमारे ९४ टक्के जमीन असल्या घरांसाठीच होती. शांतता उत्तम, झाडं सुरेख. फक्त कोथिंबिरीच्या जुडीसाठी दीड टनाचं धूड बाहेर काढावं लागतं. पन्नास ग्रॅम कोथिंबीर आणायला हत्ती पाठवणाऱ्या संस्थानिकालाही आपल्याकडे लोक हसले असते. बस आहे, लाइट रेलही आहे, पण बऱ्याच वस्त्यांतून थांबा गाठायलाच गाडी लागते.

आता नानांचे उपाय. सकाळी लवकर पेट्रोल भरा, थंड असतं, जास्त येतं: टाक्या जमिनीखाली असतात, तिथे सकाळ-दुपार फारसा फरक पडत नाही. पाचशेऐवजी पाचशे दहाचं मागा: मीटरला हे डावपेच कळत नाहीत. उतारावर न्यूट्रल करा: नानांच्या फियाटच्या काळी त्यात तथ्य असेल, पण आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गियर तसाच ठेवून पाय उचलला की इंजिन उतारावर पेट्रोल घेणंच थांबवतं. न्यूट्रलमध्ये ते चालू राहण्यापुरतं पीत राहतं, आणि गाडीवरचा ताबा जातो तो वेगळाच. सिग्नलला इंजिन बंद करणं मात्र खरंच उपयोगाचं; नाना, हा मान तुमचा.

सगळ्यात गोड गैरसमज स्वस्त पंपाचा, आणि तो इथल्या आपल्या मंडळींत फार. गॅलनला २० सेंट कमी म्हणून पाच मैल लांब जायचं. १२ गॅलन भरले तर वाचतात २.४० डॉलर. येऊन-जाऊन दहा मैल झाले. गॅलनला २५ मैल देणारी गाडी त्यात १.८८ डॉलरचं पेट्रोल जाळते. उरले ५२ सेंट, आणि रांगेतला वेळ फुकट. वाटेवरच पंप असेल तर गोष्ट निराळी. खरी बचत होते ती फेऱ्या एकत्र बांधल्याने. थंड इंजिन जास्त पितं. सुट्या सुट्या छोट्या फेऱ्यांना तेवढ्याच अंतराच्या एका सलग फेरीच्या दुप्पटही पेट्रोल लागू शकतं, असं इथलं सरकारी खातंच सांगतं. म्हणजे दूध, पोस्ट, मुलांचा क्लास आणि दळण (हो, तयार पिठाच्या पिशवीला आम्ही अजून दळणच म्हणतो) एकाच वाटेवर ओवायचं. आई शनिवारी एका पिशवीत सात कामं उरकते, तेच. दुसरी बचत वेगात. ताशी ५० मैलांच्या वर हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि मायलेज घसरतं. पण ६५च्या हायवेवर ६५नेच जाणाऱ्याकडे लोक असं बघतात, जणू लग्नाच्या पंगतीत आपण एकटेच उपास धरून बसलो आहोत.

वहिनी म्हणते, विजेची गाडी घ्या. तिचं चुकत नाही. पण इथली वीजही महाग, आणि भाड्याच्या घरात चार्जर बसवायचा खर्च बहुधा भाडेकरूच्या माथी. शिवाय गाडी विजेची झाली म्हणून कोथिंबीर जवळ येत नाही.

आणि म्हणूनच तुमच्या सोसायटीची बातमी वाचून जेवण गोड लागेना. तळमजल्यावरचं शहांचं दुकान हलवून तिथे चार गाड्यांचं पार्किंग करायचं? सभेत जोशीकाका म्हणतात की दुकानामुळे गर्दी होते. होतेच, पण त्या गर्दीतल्या एकालाही गाडी काढावी लागत नाही. वरून दोरीने पिशवी सोडली की शहा हिशेब वहीत लिहून कढीपत्ता फुकट टाकतात. इथे कितीही डॉलर मोजले तरी ते मिळत नाही, आणि संध्याकाळी ओटा पुसताना त्याची फार आठवण येते. ते चार गाड्यांवाले रोज दूध आणायला कुठे जाणार, एवढं काकांना विचारा. बाबा, त्या ठरावावर सही करू नका; आई, तू करू देऊ नकोस.

बंड्याला मुलगी पसंत पडली की मुलीला बंड्या, ते सविस्तर कळवा. तिसरी शिट्टी झाली.

तुमची,
मनू