एकादशीचं पाणी

रत्नागिरी स्टेशनावर पहाटेच्या गाडीने उतरणाऱ्यांत हौशी गळवाला शोधायला कष्ट पडत नाहीत. इतरांच्या हातात बॅगा आणि पेंगुळलेली पोरं. याच्या छातीशी कवटाळलेली एक लांबलचक काळी नळी. तिच्यात काय आहे, याची चौकशी पनवेलपासून चालू असते. एकाला आत दुर्बीण असावी असं वाटतं, दुसऱ्याला धनुष्यबाण, तिसऱ्याला सरकारी नकाशे; आणि हा तिसरा लगेच आपल्या सातबाऱ्याची तक्रारही सांगून मोकळा होतो. चौथा प्रवासी राजिवड्याचा, म्हणजे रत्नागिरीतल्याच मच्छीमार वस्तीतला निघाला, तर नळीकडे एक नजर टाकून एवढंच विचारतो, "गरवायला चाललात? तिथ कुठली बघून निघालात?"

पाहुण्याने रजा पाहिलेली असते, लॉजचा दर पाहिलेला असतो, परतीचं तिकीट कन्फर्म आहे की नाही हे तर दहादा पाहिलेलं असतं. तिथी तेवढी राहून गेलेली असते.

नळीतून पुढे बाहेर येतो तो दहा फुटी रॉड. सोबत ४००० नंबरचं रीळ, वेणीसारखा विणलेला दोरा आणि डबीभर प्लास्टिकचे मासे. हे खोटे मासे खऱ्यांपेक्षा देखणे असतात आणि त्यातल्या एकेकाच्या किमतीत सुरमईची भरलेली थाळी येते. या सगळ्याबरोबर पाहुण्याच्या डोक्यात एक यादी असते: पापलेट, सुरमई, बोंबील. ती समुद्र पाहून केलेली नसते, मेनूकार्ड पाहून केलेली असते.

यादीतलं पहिलंच नाव घ्या. पापलेट हा २०२३ सालापासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे. तोंड इवलंसं, खाणं म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव आणि जेलीफिश. गरीला लावलेल्या कोळंबीत त्याला रस नाही. तो सापडतो तो जाळ्यात. बोंबील मुंबई-पालघर आणि गुजरातकडच्या किनाऱ्याचा. भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड करून बांधलेल्या डोल जाळ्यात तो आपणहून वाहत येतो. सुरमई गळाला लागते आणि चांगली झुंजतेही, पण त्यासाठी होडी चालू ठेवून मागे गळ ओढत खोल पाण्यात हिंडावं लागतं. राहिला बांगडा. त्याचा थवा चुकून जेटीजवळ आलाच, तर बारीक पिसं बांधलेल्या गऱ्यांची माळ सोडून एका वेळी तीन-चार निघतात. पण तो थवा कधी येणार, हे बांगड्यालाही आदल्या दिवशी ठाऊक नसतं.

म्हणजे ताटातला मासा वेगळा आणि जेटीवरचा वेगळा. हे ज्याला पहिल्या संध्याकाळी पटलं, त्याची सहल वाचली.

गरवायला नव्याने येणाऱ्याने सुरुवात करावी ती मांडवीला. वाळू काळी, म्हणून गावात याला काळा समुद्र म्हणतात. रत्नदुर्गाच्या पलीकडे मिऱ्याच्या अंगाला पांढरा समुद्र आहे. मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी अर्धी रत्नागिरी हवा खायला येते आणि हवेबरोबर भेळ, पाणीपुरी आणि आइस्क्रीमही खाते. अशा गर्दीत पाहुणा रॉड जोडतो, परदेशी व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे एक पाय मागे घेतो आणि रॉड खांद्यावरून मागे नेतो. मागे भेळेचा कागद धरून उभा असलेला गृहस्थ त्या क्षणी आपल्या सदऱ्याकडे पाहतो. त्यात दोन नंबरची गरी असते. जेटीवर गळ फेकण्याआधी मागे वळून पाहावं, हा या धंद्यातला पहिला नियम. तो बहुतेक जण दुसऱ्याच्या सदऱ्यावर शिकतात.

सदरा सोडवून झाल्यावर पाहुणा पुन्हा फेकतो, आणि लांब फेकतो. दोरा सरसरत जातो, शिसं ऐंशी-नव्वद मीटरवर पडतं, बघणारी पोरं "वाऽऽ" म्हणतात. कोपऱ्यात बसलेले चाचा काही म्हणत नाहीत. त्यांच्या हातात रॉड नाही. पाण्याची एक रिकामी बाटली आहे, तिच्यावर तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गुंडाळली आहे, टोकाला एक गरी आणि वजनाला रिक्षाचा जुना स्पार्क प्लग. सगळा सरंजाम मिळून पाहुण्याच्या टोपीइतकाही महाग नसेल. ते गरी फेकत नाहीत. जेटीच्या खांबाला लागून सरळ खाली सोडतात. अर्ध्या तासात त्यांच्या पिशवीत दोन पालू पडतात आणि पाहुण्याच्या गरीवरची कोळंबी खेकडे खाऊन जातात.

"साहेब, मासा तुमच्या पायाखाली आहे," चाचा शेवटी न राहवून सांगतात. "तिकडे लांब नुसतं पाणी आहे."

यात गंमत आहे आणि शास्त्रही. जेटीच्या खांबांना कालवं आणि शिंपल्या चिकटलेल्या असतात, त्यांच्या फटींत बारीक खेकडे आणि कोळंबी राहते, आणि ते टिपायला पालू येतो. याचे दात आणि जबडा कवच फोडण्यासाठीच घडलेले. जेटी माणसाला खोल पाण्यावर नेऊन उभं करते. तिथे पोहोचल्यावर गरी आणखी मैलभर धाडायची गरज उरत नाही. स्पार्क प्लगलाही कारण आहे. तळ खडकाळ, वजन दर दहा फेकींत एकदा अडकणारच. म्हणून वजन फुकटातलं घ्यावं आणि मुख्य तंगुशीपेक्षा कच्च्या दोऱ्याने बांधावं. अडकलं तर प्लग जातो. गरी आणि गरीला लागलेला मासा वर येतो. पाहुण्याचं आकर्षक रंग दिलेलं शिसं मात्र दोऱ्यासकट समुद्रार्पण होतं.

वाळूच्या किनाऱ्यावरून गरवतानाही लांबची हाव नडते. किनारा आणि पुढची वाळूची पट्टी यांच्यामध्ये बऱ्याचदा एक खोलगट पट्टा असतो. तिथे लाट फुटत नाही आणि पाणी आजूबाजूपेक्षा गडद दिसतं. भरतीबरोबर मुडदुशी याच पट्ट्यात चरायला शिरते. तिचं तोंड लहान, म्हणून गरीही लहान हवी आणि सोललेल्या कोळंबीचा तुकडा नखाएवढा. पाहुणा गरीला अख्खी कोळंबी लावतो, कारण बाजारात तिचा भाव ऐकल्यावर तुकडे करायला मन धजत नाही.

आता राजिवडेकराने विचारलेल्या तिथीकडे येऊ. कोकणात पिढ्यान् पिढ्या एक हिशोब चालत आला आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला आणि अमावास्येला सवाअकराला. तशीच दुसरी भरती बारा तास पंचवीस मिनिटांनी. पक्ष बदलला की पुन्हा एकपासून मोजायचं. थोडंफार मागेपुढे होतं, पण अॅप उघडायला रेंज नसेल तिथे हा पाढा हटकून उपयोगी पडतो. मुंबईच्या भरतीचं पत्रक मात्र इथे आणू नये. तिथे उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वरही जातं. किनाऱ्याने दक्षिणेला यावं तसा हा चढउतार कमी होत जातो.

गळवाल्याला हवी असते ती दोन गोष्टींची गाठ: संधिप्रकाश आणि हलतं पाणी. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहालाच भरती लागते, म्हणून पाहुणा हरखतो. पण अष्टमीचं पाणी भांगाचं, ओढ मंद. पौर्णिमा-अमावास्येला उधाण जोरदार, पण भरती ऐन दुपारी आणि मध्यरात्री. संध्याकाळी पाहावं तर जेटीचे खांब उघडे. जमून येतं ते दशमी-एकादशीला. भरती साडेसात-सवाआठला, म्हणजे ऊन उतरल्यापासून अंधार पडेपर्यंत पाणी चढतं आणि ओढही वाढत चाललेली. महिन्यातली दोन उत्तम पाणी एकादशीच्या आसपास यावीत, यात नियतीचा नेमका काय हेतू असेल तो असो. कित्येक घरांतले गळवाले त्या संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी खाऊन जेटीवर येतात, मासा बर्फात घालतात आणि द्वादशीला उपवास सोडतात.

पाणी जमलं, जागा जमली, आता गरीला काय लागतं ते पाहू. पहिली लागते शेंगटी. हिला मिशा असतात आणि पाठीवर एक व दोन बाजूंना दोन असे तीन काटे, करवतीसारखे दातेरी आणि विषारी. पाहुणा तिला हौसेने मुठीत धरतो आणि पुढचे दोन तास जेटीवर नाचतो. पकडीने किंवा जाड फडक्याने धरावी. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, वेदना उतरते; नंतर डॉक्टरकडे जायचंच. शेंगटीच्या नराची एक गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. मादीने घातलेली अंडी तो तोंडात धरून सांभाळतो आणि तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहतो. जेटीवरच्या इतर कोणाहीपेक्षा त्याची एकादशी कडक.

मग येतो केंड. बाहेर काढताच पोट फुगवून चेंडू होतो आणि सगळं कुटुंब फोटोसाठी गोळा होतं. फोटो काढून त्याला परत पाण्यात सोडावं. त्याच्या अंगातलं विष शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. चोचीसारख्या दातांनी तो तंगूसही सफाईने कापतो. गरी नुसतीच गायब झाली तर संशय आधी त्याच्यावर घ्यावा.

या सगळ्यात पाहुण्याचा खरा शत्रू म्हणजे शेवटा. चांगला हातभर लांब, समोरच्या पाण्यातून उडी मारतो, पुन्हा मारतो, दहा फुटांवर येऊन मारतो. पाहुणा डबीतला प्रत्येक प्लास्टिकचा मासा त्याच्यापुढे नाचवून पाहतो. शेवट्याचं जेवण म्हणजे शेवाळ आणि तळाचा गाळ, त्यामुळे तो या आदरातिथ्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला पकडतात पागाने, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याने. गोव्याने याच शेवट्याला राज्यमासा केलं आहे. राज्यमासा होण्याची पहिली अट गळाला न लागणं हीच असावी.

प्लास्टिकचे मासे अगदीच वाया जातात असं नाही. काजळी नदी भाट्याला समुद्राला मिळते, त्या खाडीच्या मुखाशी ओहोटी लागली की आतलं पाणी बाहेर धावतं आणि बारीक मासळी त्याबरोबर फरपटत येते. प्रवाहाच्या कडेला, खडकाच्या आडोशाला जिताडा दबा धरून असतो. मालवणकडे त्याला खजुरी म्हणतात, गोव्यात चोणक. सुरुवातीची वर्षं तो नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. त्यामुळे फोटोत पाहुणे ज्याला "काय पठ्ठ्या आहे" म्हणून उचलून धरतात, ती बहुधा बाई असते. त्याच्या गालफडाची कड सुरीसारखी कापते, म्हणून गरीजवळचा हातभर दोरा जाड ठेवावा लागतो आणि तोंडाशी बोटं घालायची नसतात. पुलावर उभं राहून मात्र गरवू नये. मागून एसटी जात असते आणि रॉड मागे न्यायची सवय सुटलेली नसते.

खडकांवर जाण्याची हौस असेल तर चार गोष्टी सांभाळाव्यात. हिरवं शेवाळ दिसलं तिथे पाय टाकू नये, समुद्राकडे पाठ करू नये, आणि परतीची वाट भरतीत बुडते की काय हे जाताना पाहून ठेवावं. सात लाटा पायाशी आल्या म्हणजे आठवीही तिथेच थांबेल अशी हमी समुद्र देत नाही. चौथी गोष्ट पावसाळ्याची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. रॉडवाल्याला ती बंदी लागू नाही, पण त्या दोन महिन्यांत कोळी घरी बसून जाळी विणतात, त्याचं कारण केवळ कायदा नव्हे. नारळी पौर्णिमेपर्यंत पाहुण्यानेही घरी बसून दोरे गुंडाळावेत. प्रवासी होड्यांच्या आणि व्यापारी बंदरांच्या धक्क्यांवर आधी विचारूनच बसावं. मालवणच्या जेटीवर किल्ल्याला निघालेल्या होडीच्या पंख्यात तंगूस गेली, तर नावाडी मालवणीत जे बोलतो ते पाहुण्याला शब्दशः कळत नाही, हेच बरं.

लॉजवर परतल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवावं आणि सावलीत वाळवावं. नाहीतर पुढच्या सुट्टीत ते फिरत नाही, फक्त कुरकुरतं. शेंगटीची कोवळी पोरं आणि बोटभर पालू जिवंत असतील तर जेटीवरच सोडून द्यावेत. त्यांचं कालवण होत नाही, नुसते काटे मोजावे लागतात.

आणि एक विनंती. गुंता झालेली, तुटलेली तंगूस जेटीवर टाकू नका, पाण्यात तर अजिबात नको. ती कुजत नाही. बगळ्यांच्या पायांत, कुत्र्यांच्या गळ्यात आणि याच किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासवांच्या वल्ह्यांत अडकते. वीतभर तुकडा असला तरी उचला, खिशात घाला आणि घरी नेऊन कचऱ्यात टाका.