जुन्नर-आंबेगावच्या गर्भस्थ मजुरांना खुले पत्र

प्रति,
टोमॅटो, द्राक्ष व ऊस या पिकांत बिनपगारी हजेरी लावणारे सर्व गर्भ,
तालुके जुन्नर व आंबेगाव, जिल्हा पुणे.

विषय : कामाच्या जागी आपापली सुरक्षितता पाहण्याबाबत.

महोदय/महोदया (नेमके काय, हे विचारण्यास १९९४ च्या कायद्याने मनाई आहे),

टोमॅटोच्या रानात फवारणीची गन गडी धरतो. मागे नळी ओढायला बहुधा बाई असते. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके कातडीतून रक्तात उतरतात, भिजलेली साडी अंगाला चिकटली की अधिकच, आणि वारेतून गर्भापर्यंत पोचतात. किडीच्या मज्जातंतूंतले जे विकर ती बंद पाडतात, ते माणसाच्या मज्जातंतूंतही असते. डब्यावर लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल. गर्भाने त्रिकोण वेळीच पाहून घ्यावा. द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना पेस्टिंग होते, म्हणजे रसायनाचा लेप लागतो. त्यातल्या हायड्रोजन सायनामाइडला युरोपीय संघाने २००८ मध्ये मान्यता नाकारली. इथे हातमोजा मिळाला तर मिळाला.

मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकल्याचे आईच्याही जेमतेम ध्यानात येते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने जड काम टाळण्याची मुभा दिली ती बाळंतपणाआधीच्या दहाएक आठवड्यांत, तीही बाईने मागितली तर. २०१७ मध्ये पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. रोजंदारीच्या वावरापर्यंत ती आलीच नाही. तेव्हा अवयव घडवण्याचे काम गर्भाने शेवटच्या दोन महिन्यांवर ढकललेले बरे.

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून आठव्या महिन्यातही डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला टेकवलेल्या फळीवरून चढणे आले. त्याच फडात बिबट्याची बछडी सापडली तर तोड थांबते, वनखाते धावते आणि रात्री मायलेकरांची भेट घडवते. उपक्रम खरोखर चांगला आहे. पोटुशीसाठी तोड थांबवणारे खाते अजून निघायचे आहे.

तोपर्यंत लाल वा पिवळ्या त्रिकोणाच्या डब्याजवळ पोटुशीला उभे करू नये, फवारलेले रान वाळण्याआधी तिला तोड्याला धाडू नये, फवारणीचे कपडे तिच्याकडून धुऊन घेऊ नयेत. गर्भास वाचता येत नसल्याने पत्राची प्रत बागायतदार व मुकादम यांना, तातडीच्या कार्यवाहीसाठी.