कोरेसाहेब

आमच्या सोसायटीत त्यांना कोरेसाहेब म्हणतात. आडनाव दुसरंच आहे, पण त्यांच्या गाडीची डिकी कोरी आहे. नाव नाही, मॉडेल नाही, इंजिन कुठलं ते नाही. डीलरचा स्टिकर तर त्यांनी शोरूममधून निघाल्यावर पहिल्याच सिग्नलला नखाने सोलून काढला होता. "गाडीचे पैसे मी मोजले, आणि वर यांची जाहिरात करत कर्वे रस्त्याने मीच हिंडू?" या युक्तिवादात खोट काढता येत नाही. पण स्टिकर सोलणारे पुष्कळ असतात. तिथे न थांबता जो कंपनीने चिकटवलेल्या क्रोमच्या अक्षरांनाही हात घालतो, तो अस्सल कोरेसाहेब.

आपल्याकडे हा माणूस फार उठून दिसतो, कारण महाराष्ट्रात गाडी ही चालवायच्या इतकीच लिहायची वस्तू आहे. मागच्या काचेवर आईवडिलांचा आशीर्वाद, त्याखाली कुलदैवत, मग गाव, मग मुलांची नावं, आणि जागा उरलीच तर एखादे साहेब हात जोडून उभे. नंबर ४१४१ मिळाला की पेंटर त्याचा 'दादा' करून द्यायचा, आणि तो मिळवण्यासाठी लोक आरटीओत जादा पैसे भरायचे. एवढा मजकूर वाहत्या रस्त्यावर चालला असताना एकच गाडी तोंड मिटून जाते म्हटल्यावर माणसं वळून बघणारच. कोरेसाहेबांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

बिल्ले का काढले, याची त्यांच्याकडे बरीच उत्तरं आहेत आणि समोर कोण आहे ते पाहून त्यातलं एक निघतं. घरी काकूंना सांगितलं होतं की अक्षरांच्या फटीत माती बसते, फडकं अडकतं, धुवायला त्रास होतो. (गाडी धुतो महिन्याच्या पगारावर येणारा पोऱ्या. त्याने कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.) नातेवाइकांसाठी कारण वेगळं: गाडी कुठली हे दिसलं की गणपतीची वर्गणी मागणारी पोरं पावतीवरचा आकडा बदलतात आणि गॅरेजवाला मजुरीचा. सोसायटीतल्या कॉलेजच्या पोरांना मात्र ते बाजूला घेऊन, आवाज खाली आणून सांगतात, "ताकद दाखवायची नसते रे. सिग्नल सुटला की कळते."

ताकद आहे, हे मान्य करायला हवं. गाडी पोलो जीटी टीएसआय, लाल, चाकणच्या कारखान्यातून निघालेली. इंजिन अवघं बाराशे सीसीचं, पण टर्बो बसवलेला, अश्वशक्ती १०५, आणि आपोआप बदलणारे सात गिअर. २०१३ साली ही आली तेव्हा गाड्यांच्या वेड्यांनी तिच्यासाठी घरच्यांशी भांडणं केली होती. बाहेरून मात्र ती बरीचशी साध्या पोलोसारखीच. फरक सांगायला होते ते मुख्यतः जीटीचे बिल्ले, आणि कोरेसाहेबांनी नेमके तेच काढायला घेतले.

तो रविवार सोसायटीने पाहिला. मीटर रूममधून एक्स्टेन्शन बोर्ड ओढलेला, हातात काकूंचा हेअर ड्रायर, खिशात दातांत फिरवायच्या दोऱ्याची डबी. ही कृती साहेबांनी अभ्यास करून ठरवली होती. अक्षरं गरम हवेने तापवायची, म्हणजे मागची दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप नरम पडते. मग दोरा अक्षराच्या मागे घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढायचा. स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही, रंग जातो. अक्षर निघालं की उरलेला गोंद अंगठ्याने वळवून काढायचा, चिवट राहिला तर फडक्यावर थोडं रॉकेल, आणि शेवटी पॉलिश. वॉचमनने खुर्ची फिरवून घेतली. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी, ज्यांची तशीच लाल पण साधी पोलो पलीकडच्याच जागेत उभी असते, चहाचा कप घेऊन खाली आले.

साहेबांनी सुरुवात उजवीकडून केली. शेवटचा 'ओ' आधी निघाला आणि मागे इंग्रजीत 'पोल' एवढंच राहिलं. "साहेब, पोल उघडी पडली की," शेजारी म्हणाले. साहेबांनी ड्रायरचा आवाज वाढवला. अक्षरं गेली, जीटी गेलं, टीएसआय गेलं. मग ते कंपनीच्या गोल चिन्हाकडे वळले. दोरा घातला, ओढला, पुन्हा ओढला, आणि चिन्ह निघायच्या ऐवजी वरची कड आत जाऊन डिकीच उघडली. या गाडीत ते गोल चिन्ह हीच डिकीची कडी असते, आणि इतकी वर्षं रोज तीच दाबून साहेब मंडईची पिशवी आत ठेवत होते. तेवढं एक ठेवावं लागलं. वैराग्य घेतलेल्या माणसाच्या गळ्यात सोन्याची चेन राहून जावी, तसं ते अजून तिथे आहे.

शिवाय लाल रंग उन्हाला फार लवकर हार जातो. आजूबाजूचा पत्रा फिका पडलेला आणि अक्षरांखालचा जसाच्या तसा, त्यामुळे संध्याकाळचं ऊन तिरपं आलं की डिकीवर 'पोलो' गडद लाल रंगात स्वच्छ वाचता यायचं. पुढचे काही रविवार त्या चार अक्षरांना रबिंग करण्यात गेले.

कुणी हसलं तर साहेबांजवळ जर्मनीचा दाखला तयार असतो. भाचा श्टुटगार्टला आहे, आणि पुण्यात निम्म्या घरांचा कुणीतरी तिकडे असतोच, त्यामुळे दाखला खोडायला कुणी धजत नाही. आणि तो खरा आहे. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, आउडी घेताना तिकडे ऑर्डरच्या कागदावरच मागची मॉडेलची पाटी नको असं सांगता येतं आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. कंपनीकडून मिळालेली गाडी साहेबाच्या गाडीपेक्षा भारी दिसू नये, शेजाऱ्याचे डोळे पांढरे होऊ नयेत, किंवा मॉडेल साधं आहे ते उघड होऊ नये, म्हणून पुष्कळ लोक पाटी नाकारतात. यातलं शेवटचं कारण कोरेसाहेब सांगत नाहीत. माझ्या मते ते सगळ्यांत प्रामाणिक कारण आहे. बेस मॉडेल घेतलेल्या माणसाने बिल्ला काढला तर त्यात एक साधी, समजण्यासारखी लाज असते. टॉप मॉडेलवाल्याचं काढणं जरा अवघड प्रकरण आहे.

बिल्ले खोटं बोलतात, हेही ते अधूनमधून सांगतात आणि तिथे मात्र मी त्यांच्या बाजूचा. एके काळी बीएमडब्ल्यूच्या ३२८ मध्ये २.८ लिटरचं इंजिन असायचं. पुढे त्याच आकड्याखाली दोन लिटरचं आलं. २०१७ पासून आउडीने ३०, ३५, ४०, ४५ असे आकडे लावले, ते लिटरही नाहीत आणि अश्वशक्तीही नाहीत. आपल्याकडे फियाटचं एकच १.३ लिटरचं डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये, इंडिका व्हिस्टात आणि पुंटोत निरनिराळ्या नावांनी धावलं. २०१९ मध्ये टोयोटाने ग्लान्झा आणली ती म्हणजे बिल्ला बदललेली बलेनो, आणि दोन्ही शोरूममध्ये लोक आपण बरोबर निवड केल्याच्या समाधानात पेढे वाटत होते. एवढं सगळं माहीत असलेल्या माणसाने बिल्ल्याला किंमत देऊ नये हे बरोबरच. पण किंमत द्यायची नाही म्हणून कुणी ड्रायर घेऊन बसत नाही.

यांचं खरं दुखणं एकदा मॉलच्या पार्किंगमध्ये माझ्या डोळ्यांदेखत बाहेर आलं. पावती फाडणाऱ्या पोराने गाडीकडे बघून विचारलं, "काका, स्विफ्ट ना?" त्याला फक्त पावतीवर काहीतरी लिहायचं होतं. साहेबांनी इंजिन बंद केलं. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले, आणि साहेब खिडकीतून टर्बो म्हणजे काय ते समजावत होते. काकू म्हणाल्या, "अहो, लिहू दे ना त्याला काय ते." त्या पोराने शेवटी नुसतं 'लाल' लिहिलं. परत येताना साहेब गाडीत एक शब्द बोलले नाहीत. याउलट पेट्रोल पंपावरच्या एका मुलाने नुसती चाकं पाहून "जीटी आहे ना काका?" म्हटलं, ते आम्ही सोसायटीच्या दोन मीटिंगांत ऐकलं आहे. गाडीची ओळख आता बघणाऱ्याने पटवायची आहे, आणि जो चुकेल त्याला शिकवणी.

सरकारला मात्र असल्या परीक्षांत रस नाही. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात नव्या पद्धतीची नंबरप्लेट सक्तीची झाली. तिने 'दादा' लोकांची कला संपवली आणि कोरेसाहेबांच्या कोरेपणालाही डाग लावला, कारण तिच्याबरोबर पुढच्या काचेवर आतून लावायचा एक स्टिकर येतो. डिझेलला नारिंगी, पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा. इंजिन कुठल्या तेलावर चालतं ते साहेबांनी मागून खरवडून काढलं होतं, सरकारने पुढून चिकटवलं. तो निळा तुकडा त्यांच्या नखाजवळ अनेकदा जाऊन परत आलेला मी पाहिला आहे.

काढलेले बिल्ले त्यांनी बिस्किटांच्या डब्यात ठेवले होते. मग एका दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी तो डबा दुसऱ्या मजल्यावर देऊन टाकला, कारण शेजाऱ्यांनी सहज विचारलं होतं. नाना पेठेत जीटीचा मोनोग्राम विकत मिळाला असता, पण तो नवा, आणि हा ओरिजिनल. आठवड्याभरात पलीकडची साधी पोलो मागून जीटी टीएसआय झाली. साहेबांनी हरकत घेतली नाही, कारण बिल्ल्यात काही नसतं हे त्यांनीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

यंदा त्यांनी गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक आलं, त्याने डिकीवर बोटाने टकटक केली, तिरपं होऊन पत्र्याची चकाकी पाहिली आणि म्हणालं, "मागून ठोकलीय?"

"नाही."

"मग पेंटिंग कशाला केलं?"

"पेंटिंग नाही, मोनोग्राम काढलेत."

"का पण?"

साहेबांनी मातीचं कारण सांगितलं, मग वर्गणीचं, मग जर्मनीचं. आरसी बुक काढून दाखवलं. "कागदावर असेल हो," तो म्हणाला, "पण उद्या मी पुढे विकताना लोकांना काय दाखवू?" आणि त्याची नजर पलीकडच्या जागेवर गेली. "ती जीटी कोणाची? ते विकणारेत का?"

त्याला चहा विचारला गेला नाही.